परदेशातल्या मुलांच्या लशी आणि शाळा: काँग्रेसमनकडे मदत मागताना या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या अनेकांना वाटतं की जगभरातल्या मुलांच्या लसीकरणाला आणि शाळांना सरकारने पैसे द्यावेत. त्यासाठी ते आपल्या काँग्रेसमनला आणि दोन्ही सिनेटरना पत्रं लिहितात. यातली बरीच पत्रं वाया जातात. विरोध हे त्याचं कारण क्वचितच असतं. पत्र वाचून कार्यालयाने नेमकं काय करायचं, तेच त्यात लिहिलेलं नसतं.

मोघम मागणी

पत्र आलं की कार्यालयातला इंटर्न किंवा कनिष्ठ कर्मचारी साधारण तीन गोष्टी नोंदवतो: विषय, बाजूने की विरोधात, आणि झिप कोड. "गरीब मुलांसाठी काहीतरी करा" या वाक्यातून विषयसुद्धा धड ठरत नाही. मागणीत अर्थसंकल्पातलं खातं, रक्कम आणि कृती या तिन्ही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ, 2024 च्या आर्थिक वर्षात माता-बाल आरोग्यासाठी 91.5 कोटी डॉलर होते आणि त्यातले 30 कोटी 'गावी' या लस-आघाडीसाठी होते. मग मागणी अशी होते: "गावीसाठी किमान 30 कोटी डॉलर राहावेत, अशी लेखी विनंती विनियोजन उपसमितीकडे करा." (विनियोजन म्हणजे कोणत्या कामाला किती सरकारी पैसा द्यायचा ते ठरवणं.)

शिक्षणाबाबत इथेच गफलत होते. मूलभूत शिक्षणाचा पैसा आरोग्याच्या खात्यात नसतोच. 'ग्लोबल हेल्थ प्रोग्रॅम्स' खात्यात कितीही भर पडली तरी शाळांना त्यातून काही मिळत नाही. शिक्षणासाठी किमान किती खर्च व्हावा हे विधेयकात वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि गरीब देशांतल्या शिक्षणाला निधी देणाऱ्या 'ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन'चं नावही वेगळं घ्यावं लागतं. एकाच पत्रात दोन्ही विषय असतील तर दोन वेगळे परिच्छेद करा, प्रत्येकात एकच मागणी.

कायदा झाला म्हणजे पैसा आला, हा समज

काँग्रेसमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. एका वाटेने कार्यक्रमाला मान्यता मिळते, दुसऱ्या वाटेने पैसा. 2017 च्या 'रीड ॲक्ट'ने परदेशातल्या मूलभूत शिक्षणाचं धोरण कायद्यात आणलं. पण दरवर्षीचा निधी त्याने आपोआप येत नाही, तो विनियोजन विधेयकातूनच यावा लागतो. म्हणून "अमुक विधेयकाला सहप्रायोजक व्हा" आणि "अमुक रक्कम द्या" या मागण्या एकमेकींत मिसळू नका. तुमचा सदस्य परराष्ट्र समितीवर असेल तर त्याचा जोर पहिलीसाठी जास्त उपयोगी, विनियोजन समितीवर असेल तर दुसरीसाठी.

चुकीची वेळ

सगळ्यात जास्त श्रम इथे फुकट जातात. आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून लोक सप्टेंबरमध्ये जागे होतात. पण सदस्य आपल्या विनंत्या उपसमितीकडे देतात त्या वसंतात, आणि अंतिम तारीख दरवर्षी बदलते. प्रत्येक कार्यालय मतदारांच्या मागण्यांसाठी त्याच्याही आधीची तारीख ठेवतं. ती फेब्रुवारीतच फोन करून विचारा. याच सुमारास सदस्यांमध्ये 'डिअर कलीग' पत्रं, म्हणजे एखाद्या मागणीसाठी सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करणारी पत्रं, फिरत असतात. त्यावर सही मागणं ही सर्वात सोपी, मोजता येणारी मागणी. विनंत्या गेल्यावर मागणीचं रूप बदलतं: आता उपसमितीच्या मसुद्यातली रक्कम टिकवा, वाढवा किंवा सभागृहातल्या मतदानात वाचवा.

ऑगस्टच्या सुटीत बरेचसे सदस्य मतदारसंघात असतात. प्रत्यक्ष भेटीसाठी हा काळ उत्तम.

विधेयक मंजूर झालं की काम संपलं, असंही समजू नका. मंजूर झालेले जवळपास 900 कोटी डॉलर जुलै 2025 मध्ये काँग्रेसने रद्द केले, आणि त्यातला मोठा वाटा परदेशी मदतीचा होता. 1974 च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाने असा प्रस्ताव पाठवला की काँग्रेसच्या कामकाजाच्या 45 दिवसांत निर्णय लागतो, आणि सिनेटमध्ये त्याला साधं बहुमत पुरतं. मुदत एवढी कमी असताना पोस्टाने पत्र पाठवण्यात अर्थ नाही, फोनच करा.

चुकीचा पत्ता

उपसमितीच्या अध्यक्षाला लिहावं असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही त्याच्या मतदारसंघात राहत नसाल तर ते पत्र बहुधा बाजूला पडतं. आपला एक प्रतिनिधी, आपले दोन सिनेटर, बस्स. झिप कोड पहिल्याच ओळीत लिहा.

नागरिक नसलेल्यांनी गप्प राहावं असंही काही नाही. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेला रहिवासीही आपल्या प्रतिनिधीला लिहू शकतो, फोन करू शकतो. निवडणूक देणगीची गोष्ट मात्र निराळी: ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला ती देता येत नाही.

कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. 2001 च्या अँथ्रॅक्स हल्ल्यांपासून तिथलं टपाल आधी तपासणीला जातं, त्यात बराच वेळ जातो. संकेतस्थळावरचा फॉर्म भरा किंवा स्थानिक कार्यालय गाठा.

आकडे फेकणं

पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू 1990 मध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास होते, 2022 मध्ये 49 लाख. हा आकडा जरूर सांगा, पण सगळं श्रेय अमेरिकी मदतीला देऊ नका. त्या त्या देशांनी स्वतः केलेला खर्चही त्यात आहे, आणि अभ्यासू कर्मचारी ही चूक लगेच पकडतो. "आधी आपल्या घरचं बघा" असं उत्तर आलं तर शांतपणे सांगा की परदेशी मदत संघीय खर्चाच्या साधारण 1 टक्काच राहत आली आहे. लोकांचा अंदाज याच्या कित्येक पट असतो.

फोनवर लांबण लावणं

मिनिटभर पुरे. नाव, गाव, झिप कोड, मग मागणी, मग एक कारण: "गावीच्या निधीमुळे गरीब देशांना गोवर आणि न्यूमोनियाच्या लशी परवडतात." शेवटी दोन प्रश्न विचारा: सदस्याची यावर भूमिका काय, आणि परराष्ट्र विषय कोण बघतं? त्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून ठेवा, पुढची सगळी विचारणा त्याच्याकडेच करा.

आठवड्याने पाठपुरावा करा. छापील उत्तर आलं तर ते नीट वाचा. "मुलांचं कल्याण मला महत्त्वाचं वाटतं" एवढंच असेल तर मागणीला उत्तर मिळालेलं नाही. 'डिअर कलीग' पत्रावर सही मागितली असेल तर त्याच कर्मचाऱ्याला एका ओळीत विचारा: सही केली की नाही? पत्रावरच्या सह्यांची यादी बहुधा नंतर जाहीर होते, ती तपासा. नाव असेल तर त्याच आठवड्यात आभार कळवा आणि पुढच्या वसंतातल्या मागणीत त्या सहीचा उल्लेख करा.