लिव्हर रायफलीत काडतूस अडकत असल्यास

विंचेस्टर १८७३ या, खालचा लिव्हर पुढे-मागे करून काडतूस भरणाऱ्या जुन्या अमेरिकन रायफलीत किंवा तिच्या इटालियन प्रतिकृतीत काडतूस अडकू लागले, तर कानस हाती घेण्यापूर्वी रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करावी आणि बारूद नसलेली सरावाची काडतुसे भरून लिव्हर सावकाश चालवून पाहावा. पुष्कळदा दोष यंत्रात नसून हातात असतो. लिव्हर शेवटपर्यंत पुढे न ढकलता मध्येच मागे ओढला जातो. तसे नसेल, तर काडतुसाची एकूण लांबी मोजावी. या रायफलीत काडतूस उचलणारा पितळी ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर जातो, त्यामुळे ४४-४० (या रायफलीत वापरला जाणारा काडतुसाचा एक प्रकार) काडतूस सुमारे ४०.४ मिलिमीटरहून लांब झाले, तर त्याचे टोक नळीच्या मॅगझिनमध्येच (काडतुसे साठवणाऱ्या नळीतच) राहते आणि ठोकळा जागच्या जागी अडतो; घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण गोळी पुरेशी खोल बसवलेली नसते. लांबी योग्य असूनही काडतूस पुढे सरकत नसेल, तर मॅगझिनची स्प्रिंग काढून नळी आतून कोरडी पुसावी. तेलाचा अतिरेक नको, त्यावर काजळी चिकटते. ठोकळा घासण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे.