'वुमन'ची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

८ मार्च जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'वूम्ब' अधिक 'मॅन' म्हणजे 'वुमन', गर्भाशय असलेला माणूस. याचा एक खवचट भाऊही आहे. 'वो' म्हणजे दुःख, म्हणून पुरुषाला दुःख देणारी ती 'वुमन'. पहिला भाषणात टाळ्या घेतो, दुसरा कट्ट्यावर हशा. खरा दोन्हींतला एकही नाही.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'वीफमन्न' असा होता. 'वीफ' म्हणजे बाई आणि 'मन्न' म्हणजे माणूस. आपण 'बाईमाणूस' म्हणतो, अगदी तसाच सरळ जोड. बोलता बोलता 'फ' पुढच्या 'म'मध्ये मिसळला आणि 'विम्मन' झालं. मग 'व' म्हणताना ओठांचा जो गोल होतो, त्याने एकवचनातल्या 'इ'ला 'उ'कडे ओढलं. अनेकवचनाच्या उच्चारात मात्र जुना 'इ' टिकला. म्हणून आजही लिहिताना 'ओ' लिहितात आणि म्हणतात 'विमिन'. शाळेत घोकलेल्या त्या स्पेलिंगचं कोडं असं सुटतं.

आणि 'वूम्ब'? त्याचं जुनं रूप 'वाम्ब', अर्थ नुसता पोट. पुरुषाचं पोटही 'वाम्ब'च आणि जनावराचंही. म्हणजे मेसेजमधली ती जोडणी दोन्ही बाजूंनी कोसळते.

इथे घात होतो तो आजचे अर्थ हजार वर्षं मागे ढकलल्यामुळे. 'मन्न' तेव्हा स्त्री-पुरुष कुणालाही चाले. पुरुष असं वेगळं सांगायचं तर 'वेर' म्हणत, नाहीतर 'वॅपमन्न', म्हणजे शस्त्रवाला माणूस. आजचा 'वेपन' त्याच घरातला. 'वेर' आणि लॅटिन 'विर', संस्कृत 'वीर' हे एकाच कुळातले शब्द. मध्ययुगात 'वेर' वापरातून गेला, उरला तो 'वेअरवुल्फ'मधल्या लांडग्यासोबत. 'मॅन' पुरुषापुरता आक्रसला तो नंतर. 'वुमन'मधला 'मॅन' खटकतो म्हणून स्पेलिंग बदलून लिहिणारे आहेत. त्यांनी खुशाल लिहावं, पण 'पुरुषापासून बाई घडवली' असा पुरावा या शब्दात सापडत नाही.

'वाइफ'बाबतही हेच. 'वीफ'चा अर्थ बाई, लग्नाची असो वा नसो. जुना अर्थ 'मिडवाइफ'मध्ये अजून शाबूत आहे: 'मिड' म्हणजे सोबत. बाळंतपणात सोबत असते ती सुईण, तिचं लग्न झालंय की नाही हा प्रश्नच नाही. 'फिशवाइफ' म्हणजे मासे विकणारी बाई, मासेवाल्याची बायको नव्हे. 'वीफ'च्याही मागे जाऊन त्याचा संबंध विणकामाशी जोडतात. तो अभ्यासकांना मान्य नाही.

'वीफ' नपुंसकलिंगी होता हे कळलं की काहींना त्यात स्त्रीची हेटाळणी दिसते. पण 'वीफमन्न' पुल्लिंगी होता, कारण जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरे. 'ते पोरगं' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तरी व्याकरणातलं लिंग म्हणजे समाजातला दर्जा नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

एक किरकोळ पण सतत दिसणारी चूक: शेक्सपिअरची भाषा 'ओल्ड इंग्लिश' समजणं. ओल्ड इंग्लिश साधारण इ.स. ४५० ते ११०० ची. शेक्सपिअरचा जन्म १५६४चा आणि त्याची इंग्रजी आधुनिक काळातलीच, जरा आधीची. त्याच्या नाटकातलं वाक्य देऊन 'मूळ अर्थ बघा' म्हणणं फुकट.

एखादी व्युत्पत्ती पुढे पाठवण्याआधी शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप बघा. ओल्ड इंग्लिशसाठी बॉसवर्थ-टॉलर हा कोश इंटरनेटवर फुकट आहे. आजच्या स्पेलिंगवरून फोड करू नका. 'फीमेल' हा 'मेल'ला काही जोडून केलेला वाटतो ना? तो फ्रेंच 'फमेल'वरून आला, त्याआधी लॅटिन 'फेमेल्ला', म्हणजे लहानशी बाई. 'मेल'शी त्याचं मुळात नातंच नव्हतं. शेजारी बसून बसून स्पेलिंग तेवढं सारखं झालं.