लिंक गावाच्या ग्रुपवर टाकू नका

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला शिकवते. आमच्याकडे फोन बापाचा आणि बाप दिवसभर वावरात, म्हणून ऑनलाइन क्लास संध्याकाळी ७ वाजता. पडद्यावर नावही बापाचंच येतं. त्यामुळे मुलाने आधी स्वतःचं नाव आणि हजेरी क्रमांक टाकायचा. ओळख पटेपर्यंत झूमच्या वेटिंग रूममधून (तुम्ही आत घेईपर्यंत जिथे थांबावं लागतं तिथून) कुणालाही आत घेऊ नका. आमची लिंक एकदा गावभर फिरली आणि कोणीतरी अनोळखी माणूस मुलींना घाणेरडं बोलून गेला. तेव्हापासून लिंक क्लासच्या १० मिनिटं आधी, फक्त पालकांना.

दंगा करणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत झापू नका. माइक बंद करा, नंतर घरी फोन लावा. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरगं थकलेलं, उपाशी असतं, हे तेव्हाच कळतं. कॅमेऱ्याची सक्ती मी करत नाही. एका खोलीचं घर त्याने सगळ्यांना का दाखवावं?

गुगल मीटवर शेवटी कॉल सर्वांसाठी बंद करा. नुसत्या तुम्ही बाहेर पडलात तर मुलं आत एकटीच राहतात, आणि चिडवाचिडवी तिथेच होते.

कुणी मुलीचा फोटो फिरवला तर पुरावा जपा, पुढे पाठवू नका. आधी तिच्या आईशी बोला, मग १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.