संत्र्याच्या पन्हेरीत मायकोरायझा: घरी वाढवा, मुळाशी द्या

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या पन्हेऱ्यांत (रोपवाटिकांत) हे चित्र दिसतं. डिंक्या (फायटोफ्थोरा या रोगजंतूमुळे होणारा, खोडातून डिंक गळणारा रोग) नको म्हणून वाफ्याची माती उन्हाने तापवलेली किंवा औषधाने निर्जंतुक केलेली असते. जंबेरी (जिच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात ती) उगवते चांगली, पण चार-सहा पानांवर अडकून बसते. पानं बारीक, रंग फिका, आणि मध्येच एखाद्या तुकड्यातली रोपं मात्र जोमात. बहुतेक जण यावर डीएपी खत फेकतात. खरं कारण वेगळं असतं: माती तापवताना फायटोफ्थोरासोबत मुळांची मित्रबुरशी, म्हणजे मायकोरायझाही मरते. जिथे ती थोडी वाचली, तेवढाच तुकडा हिरवा राहतो.

आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर आणि सामू आठच्या आसपास, त्यामुळे स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. विरघळलेला जो थोडा उरतो, तो नत्रासारखा पाण्यासोबत वाहत मुळापर्यंत येत नाही. मुळाने भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा केला की तो लवकर भरत नाही. त्यात संत्रावर्गीय झाडांना मूळकेस थोडे आणि आखूड. मायकोरायझाचे धागे २ ते १० मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत जातात. तिथला स्फुरद उचलून मुळाच्या पेशीत, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या रचनेत, तो झाडाच्या हवाली करतात. बदल्यात झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. जस्तही याच वाटेने येतं.

दुकानात पीएसबी आणि मायकोरायझा एकाच दमात विकतात. पीएसबी हे जिवाणू आहेत, ते बांधलेला स्फुरद विरघळवतात; ही बुरशी मुख्यतः तो वाहून आणते. दोन्ही सोबत चालतात, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती पिकावरच वाढवावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात सुरुवात केली तर पावसाळा संपताना कल्चर (बुरशी भरलेली माती आणि मुळांचे तुकडे) हाती येतं. निम्मी माती, निम्मी नदीची रेती अशी १६ ते २० घमेली घ्या. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात. मिश्रण ओलं करून १५ सेंटिमीटर थरात पसरा आणि वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबून पाच-सहा आठवडे ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. माती कोरडी असेल तरीही उष्णता खाली उतरत नाही.

खड्डा करायची शिफारस बरेच ठिकाणी आहे. आपल्याकडच्या मृगाच्या पावसात खड्ड्याचं डबकं होतं, त्यापेक्षा जमिनीवर विटांचा १ मीटर लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर उंच वाफा बरा. तळाला भोकं पाडलेलं प्लास्टिक टाका. मिश्रण भरताना वरून पाचेक सेंटिमीटर खाली १ ते २ किलो विकतचं कल्चर सपाट पसरा. विकत नको असेल तर न नांगरलेल्या धुऱ्यावरच्या गवताखालची, बोर-बाभळीजवळची वरची १५ सेंटिमीटर माती बारीक मुळांसकट घ्या. संत्रा-लिंबाच्या बागेतली मात्र अजिबात नाही. मित्रासोबत फायटोफ्थोराही घरी याल घेऊन.

वर मका किंवा ज्वारी १५-२० सेंटिमीटरवर टोकावी. बुरशीनाशकाचा रंग लावलेलं बियाणं टाळा, घरचं गावरान बरं. मोहरी, मुळा, कोबी, पालक यांच्या मुळांवर ही बुरशी वसत नाही, त्यामुळे ती पिकं इथे कामाची नाहीत. डीएपी, सुपर फॉस्फेट काही घालू नये: स्फुरद फुकटात मिळाला की झाड बुरशीला आत घेणं कमी करतं. पानं पिवळी पडली तर तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी १० ग्रॅम युरिया पाण्यातून द्या.

साधारण ९० दिवसांनी पाणी तोडा. पाऊस चालू असेल तर वर ताडपत्री धरा. दहाएक दिवसांच्या ताणाने बीजाणू भरपूर धरतात. मग ताटं जमिनीलगत कापून मुळं उपटा, सेंटिमीटरभर तुकडे करून त्याच मातीत मिसळा. सावलीत वाळवून गोणपाटात थंड जागी ठेवा आणि येत्या हंगामातच संपवा. गच्चीवर उन्हात वाळवलं की सगळी मेहनत गेली.

वापरताना एकच नियम: कल्चर मुळाला लागलं पाहिजे. पिशवीत रोप लावताना खड्डीत ५० ग्रॅम टाकून त्यावर मुळं टेकवा. वाफ्यात बी टाकायच्या ओळीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर सलग थर द्या. वरून शिंपडलेलं किंवा मोठ्या झाडाच्या आळ्यात फेकलेलं फारसं उपयोगी पडत नाही. पुढचे दोन महिने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नको, ते या बुरशीलाही मारतं. डिंक्यासाठी मेटॅलॅक्झिल लागलंच तर त्याचा तसा त्रास नाही.

लागण झाली का, हे डोळ्यांनी दिसत नाही. आठ-दहा आठवड्यांनी एखाद्या रोपाची बारीक पांढरी मुळं कापा आणि जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्या. तिथे १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ती उकळून पारदर्शक करतात (हातमोजे आणि चष्मा हवाच), स्वच्छ धुतात, मग व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई मिसळून तीन मिनिटं उकळतात आणि थेंबभर व्हिनेगरच्या पाण्यात २० मिनिटं ठेवतात. शंभरपट भिंगाखाली मुळाच्या आत रंगलेले धागे, गोल पिशव्या दिसल्या तर लागण झाली. नुसते बाहेरून चिकटलेले धागे मोजू नका, ते कुठल्याही बुरशीचे असू शकतात.