मृत्यूसाठीचे कँटोनीज बोलीतले शब्द : कोणता कोठे चालतो

दक्षिण चीनमधल्या हाँगकाँग, मकाव किंवा ग्वांगझौ या कँटोनीज बोलणाऱ्या शहरांत कोणाच्या निधनाविषयी बोलण्याची वेळ आली, तर ‘क्वो सन’ हा एक शब्द पक्का ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या ‘वारले’प्रमाणे तो रुग्णालयात, कचेरीत आणि शोकाकुल कुटुंबासमोरही चालतो. ‘चाउ चो’ (यातला ‘च’ ‘चोर’मधला), म्हणजे ‘गेले’, हाही सौम्यच आहे. परंतु काम आटोपून घरी गेलेल्या सहकाऱ्याविषयीही नेमके हेच म्हणत असल्यामुळे, संदर्भ उघड नसेल तेथे तो टाळावा.

खरा धोका बोलीतल्या खेळकर शब्दांत आहे. ‘क्वा चो’मधील ‘क्वा’ म्हणजे भोपळा-काकडीच्या कुळातले फळ, ‘तेंग चो’मागे शवपेटीच्या झाकणाला खिळे ठोकण्याची कल्पना आहे, ‘ह्योंग चो’मधील ‘ह्योंग’ हाच उदबत्तीचाही शब्द, आणि ‘माय हाम आप तान’ म्हणजे चक्क खारवलेली बदकाची अंडी विकणे. बंद पडलेल्या फोनला ‘क्वा चो’ म्हटले, किंवा चित्रपटातल्या खलनायकाला अंडी विकायला धाडले, तर कोणी रागावत नाही. हयात नसलेल्या खऱ्या माणसाविषयी मात्र हे शब्द ‘गचकला’, ‘खपला’ यांच्याइतकेच बोचतात. एखादा मित्र स्वतःच्या आजोबांविषयी तसे बोलला, तरी ती मोकळीक त्याची आहे. ऐकणाऱ्याने उत्तरात ‘क्वो सन’च वापरावे.

हयात वडीलधाऱ्यांच्या मृत्युपत्राविषयी किंवा पश्चात व्यवस्थेविषयी बोलताना ‘पाक निन क्वय लोउ’ हा शब्दप्रयोग कामी येतो. त्यात शंभर वर्षांच्या आयुष्याची शुभेच्छा गृहीत असते, म्हणून तो भविष्याबद्दलच शोभतो.

अंत्यविधीला जाताना कुटुंबाला द्यायच्या पाकिटात विषम रक्कम, उदाहरणार्थ 501 डॉलर, घालतात, कारण जोडी ही शुभकार्याची मानली जाते; निरोप घेताना ‘पुन्हा भेटू’ या अर्थाचे काहीही बोलू नये.

चांद्र नववर्षाच्या दिवसांत तर मृत्यूचा सभ्य शब्दही नको. तोंडून निसटलाच, तर घरातली आजी ‘छोइ! ताय कत लेइ सी!’ असे खडसावते, आणि थुंकून पुन्हा नीट बोलायला लावते. आपल्या ‘शुभ बोल नाऱ्या’चेच हे जरा कडक रूप. तेव्हा वाद न घालता सांगितलेले करावे आणि विषय बदलावा.