कोजागरीआधी हेडलाइट उजळताना

नवरात्र बसलं की तुळजापूरच्या रस्त्याला माणसांची रांग लागते. कोजागरीच्या आधीच्या रात्रींना तर कर्नाटकातून आलेले आणि आपल्या सोलापुरातले लोक अनवाणी, खांद्याला पिशवी अडकवून रात्रभर चालत असतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी तामलवाडीकडून परत येत होतो. माझ्या २००८ सालच्या गाडीच्या उजेडात एक आजी आणि तिच्यामागची दोन पोरं मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी मी हेडलाइट तपासायला घेतो. पुढे उसाचा हंगाम असतोच, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात.

पहिलं काम बाजारात जाण्याचं नाही, बघण्याचं आहे. उजेड चार ठिकाणी हरवतो: काचेत, बल्बमध्ये, वायरीत आणि फोकसमध्ये. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर लावा, इंजिन चालू ठेवा आणि डिपर टाका. दोन्ही दिवे सारखेच पिवळट दिसत असतील तर वायरीवर संशय घ्या. एकच मंद असेल तर त्याचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग बघा. प्रकाश धुरकट पसरत असेल, कड कुठे नीट दिसत नसेल, तर काच. जुन्या मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना खरी काच असते, ती पिवळी पडत नाही, त्यामुळे पुढचं घासकाम त्यांना लागू नाही. नंतरच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, उघड्यावर उभ्या गाडीचं हे लवकर होतं.

वायरीसाठी मल्टिमीटर जवळ ठेवा. इंजिन चालू, दिवे चालू, आणि आधी बॅटरीच्या टोकांवर, मग बल्बच्या होल्डरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२.६ दिसले तर व्होल्टचा दहावा हिस्सा वाटेत गेला. हॅलोजनचा उजेड मात्र तेवढ्यानं जवळजवळ तीस टक्के उतरतो, म्हणून ही मोजणी टाळू नका. अर्थिंगचा नटबोल्ट सोडवून पॉलिश पेपरनं चकचकीत करा, होल्डरच्या पितळी पट्ट्यांवरचा कार्बन काढा. तरीही फरक राहिला तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून रिले (दिव्याचा करंट बटणाऐवजी स्वतःवर घेणारा स्विच) घालून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढून घ्या, मधे फ्यूज हवाच.

बल्ब दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आतून काळपट झालेला बल्ब पेटतो, पण उजेड देत नाही. एच-४ प्रकारचा (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर) असेल तर ६०/५५ वॅटचाच. दुकानात १००/९० चे दाखवतील, ते घेऊ नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो, समोरच्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या घरात एलईडी बसवण्यालाही माझा विरोध आहे: फिलामेंटची जागा चुकली की उजेड रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. नवा बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

आता घासायचं काम. वॉटर पेपर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे, मास्किंग टेप, दोन बादल्या पाणी, थोडा शाम्पू, मायक्रोफायबरची फडकी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून पाणी येईल त्या दिवसाची सकाळ धरा. गाडी सावलीत हवी. आधी काच आतून बघा: आत थेंब किंवा बुरसटपणा असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही, मागचं रबरी झाकण फाटलं असेल ते बदला. काचेच्या अंगात बारीक तडे दिसत असतील तर नवी काच घेण्याची तयारी ठेवा. दिव्याभोवती रंगावर टेपचे तीन थर मारा, एक थर पेपरनं सहज फाटतो.

पेपर पाण्यात भिजवून सुरुवात करा, ८०० नंबर आडवा, पुढचा उभा, त्याच्या पुढचा पुन्हा आडवा. अशानं आधीच्या पेपरचे ओरखडे राहिले का ते डोळ्यांना कळतं. सुरुवातीला पिवळट पाणी ओघळतं, ते पांढरं होईपर्यंत ८०० सोडू नका. जुन्या थराचा एकही तुकडा उरायला नको. दिवा वाळल्यावर सगळीकडे सारखा दुधी दिसला पाहिजे. इथे पुष्कळ जण घाबरतात, काच बिघडवली असं वाटतं. घाबरू नका, दुधी होणं हेच बरोबर आहे. पेट्रोल किंवा थिनर मात्र अजिबात लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्यानं तडे जातात. टूथपेस्टनं काच चमकते खरी, पण तिच्यात संरक्षण नसतं.

संरक्षक थर हा या सगळ्याचा जीव आहे. मी पहिल्या वर्षी कंपाउंडनं, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टनं, काच आरशासारखी केली, खूश झालो, आणि काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडली. थर द्यायचा असेल तर २००० नंबरनंतर कंपाउंड वापरूच नका, त्यातल्या तेलामुळे लॅकर नीट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, अतिनील किरण थोपवणारा दोन भागांचा (हार्डनर मिसळून वापरायचा) पारदर्शक लॅकर मारा, धुरकट दिसणारी काच त्यानंच स्वच्छ होते. त्याचा वास घातक असतो. मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घेतो, घरी करणार असाल तर मोकळ्यावर आणि योग्य मास्क लावूनच करा. धूळ उडू नये म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडा. एक दिवस गाडी धुळीत आणि पाण्यात नेऊ नका.

शेवटी फोकस. टायरमध्ये हवा बरोबर, चालक बसलेला, डॅशबोर्डवरचा लेव्हलचा खटका शून्यावर. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करा. साध्या गाडीत डिपरची वरची कड दिव्याच्या मध्याहून साधारण १० सेंटिमीटर खाली यावी, डाव्या हाताला थोडी वर चढलेली चालते, कारण आपण डावीकडून चालतो. दिव्यावर उताराचे टक्के छापलेले असतील (१ टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर) तर तेच पाळा. मग तुळजापूर नाक्यापासून पुढे एक फेरी मारा, डावीकडच्या साइडपट्टीवरचा माणूस किती लांबून दिसतो ते बघा, आणि समोरच्यानं डिपर मारला तर परत येऊन भिंतीसमोर दिव्यामागचा फोकसचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून उजेड खाली घ्या.