तुर्कीत प्रश्न विचारायचाय? इंग्रजी बाजूला ठेवा

इस्तंबूलच्या काद्क्यॉय भागात नवीन मराठी माणूस राहायला आला की मी त्याला आधी एवढंच बजावते: तुर्की इंग्रजीमार्गे शिकू नकोस. इंग्रजीत प्रश्न करायचा म्हणजे शब्दांची उलथापालथ. तुर्कीत वाक्य जागचं हलत नाही. आपल्या 'का'सारखा शेवटी 'मि' लागतो, की झालं. 'गेल्दि' म्हणजे आला. 'गेल्दि मि?' आला का?

फक्त हा 'मि' रंग बदलतो. मागच्या शब्दातला शेवटचा स्वर ए किंवा इ असेल तर मि, ओ किंवा उ असेल तर मु. ओठांचा चंबू करून म्हटलेला ए किंवा इ असेल तर म्यु. आ असेल, किंवा तो बिनटिंबाचा 'आय' (ı) असेल, तर ओठ न गोलावता म्हणायचा आखूड स्वर, तो मी इथे 'मऽ' असा लिहिते. तक्ता घोकू नका. दुकानात जाऊन 'स्युत वार मऽ?' विचारा, दूध आहे का? उत्तर 'वार' किंवा 'योक', म्हणजे आहे किंवा नाही. जोर 'मि'च्या आधीच्या अक्षरावर द्यायचा, 'मि' हलकेच सोडायचा. लिहिताना तो नेहमी सुटा.

आता खरी गंमत. 'आलास का?' मधला 'स' आपण क्रियापदाला लावतो. तुर्कीतही भूतकाळात तसंच: 'गेल्दिन मि?' आदरार्थी 'आलात का?' म्हणजे 'गेल्दिनिज़ मि?' पण वर्तमानकाळात हे शेपूट उडी मारून 'मि'ला चिकटतं: 'गेलियोर मुसुन?' म्हणजे जणू 'येत का-स?' इथे आपली मंडळी हटकून अडखळतात. आठवडाभर हे एकच वाक्य वेगवेगळी क्रियापदं घालून बडबडा.

'मि' वाक्याच्या मध्येही बसतो. 'अली द्युन म्यु गेल्दि?' म्हणजे अली आला हे ठाऊक आहे, कालच आला का, एवढंच विचारायचंय. ज्या शब्दाबद्दल शंका, त्याच्या लगेच नंतर 'मि'.

प्रश्नार्थक शब्द सोपे आहेत. किम कोण, ने काय, नासऽल कसं. कुठे, कुठून यांना आपल्यासारखेच प्रत्यय: नेरेदे कुठे, नेरेये कुठे (जायचं), नेरेदेन कुठून. 'काच' म्हणजे किती, पण पुढचं नाम एकवचनीच राहतं: 'काच किशि?' किती जण? बाजारात भाव विचारायला 'किलोसु ने कादार?' पुरतं.

अनोळखी माणसाशी आदरार्थीच बोला. वेटरला किंवा दुकानदाराला हाक मारायची तर 'बाकार मऽसऽनऽज़?', शब्दशः 'बघता का?' ओरडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डोल्मुशवाल्याला (आपली शेअर रिक्षा, पण मिनीबसच्या आकाराची) विचारायचं 'ताक्सिमे गिदेर मि?', ताक्सिम चौकाला जाते का? तो 'गिदेर' म्हणेल, आपण 'जाते' म्हणतो तसं. 'एवेत' म्हणजे 'हो' म्हणेलच असं नाही, त्याची वाट बघत उभं राहू नका.

उत्तर कळलं नाही तर 'एफेन्दिम?' म्हणा, म्हणजे समोरचा पुन्हा सांगतो. एखादा शब्दच अडला तर तो उच्चारून पुढे 'ने देमेक?', म्हणजे काय, असं जोडायचं.